गवरीतलं बी

ये, जवळ सरक जरा. पुण्याहून फोनवर "मावशी, कशी आहेस" म्हटलं म्हणजे जवळ बसलं असं होत नाही, पण आता कागदावरच बसवते तुला. आधी तुझा कान धरू दे. सासरी काय सांगितलंस माझ्याबद्दल? तुझी आई माझी सख्खी बहीण आहे, तिच्या पोटात काही राहत नाही, हे तुला ठाऊक असायला पाहिजे होतं. "आमची गोंदियाची मावशी घरी बसल्या बसल्या मोबाईलवर कमावते." असंच म्हणालीस ना? बसल्या बसल्या? बाई, तू उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे येत होतीस, कधी पाहिलंस मला बसलेली? जेवतानाही माझा एक पाय उठायच्या तयारीत असतो. तुझ्या सासूबाई आता मनात म्हणत असतील, काय मजा आहे, खाटेवर पाय पसरायचे, मोबाईल दाबायचा, झालं. तर त्यांनाही हे वाचून दाखव. काय काय झालं ते सगळं सांगते. मधेच बाडीत चक्कर मारायला उठले तर समजून घे.

गोंदिया भंडाऱ्यातून निघून वेगळा जिल्हा झाला, त्या वर्षी आम्ही बिरसीजवळचं गाव सोडून गोंदियाला लागूनच्या कुडव्याला आलो. तुझे मावसाजी धानाच्या मिलमध्ये मुनीम होते, गावाहून रोजची सायकल त्यांना झेपेना. गावात आमचं भरलं घर. सासू आमच्या पोवारी बोलीत हुकूम सोडायची अन् आम्ही जावा पळायचो. रोवणी, कापणी, चुरणी, कामाला अंत नाही. अन् कुडव्यात आले तर तीन माणसं. मी, मावसाजी अन् शाळेतला पोरगा. दोघं गेले की काम खलास. हात नुसते लोंबकळत राहायचे. कोणाचे उसने आणलेले हात असावेत, तसं वाटायचं मला.

घरामागची जागा घराहून मोठी होती, कारण तेव्हा कुडव्यात जागेला कोणी विचारत नव्हतं. बेशरमाची झुडपं, फुटक्या विटा, अन् कोणाच्या तरी म्हशी येऊन बसायच्या. मी पहिल्याच आठवड्यात कुदळ घेऊन उतरले. मावसाजी म्हणाले, "अवो, आधी घरातलं सामान त लाव."

म्हटलं, "सामान कुठं पळून जाऊन राहिलं?"

घरामागच्या अशा जागेला आम्ही बाडी म्हणतो. तुम्ही परसबाग म्हणता, मोठं गोड नाव आहे, पण माझी बाडीच. तिच्यात पहिलं बी पडलं ते माझ्या मोठ्या जाऊबाईंचं. त्या गावातच राहिल्या. मी निघाले तेव्हा माझ्या पदराला त्यांनी गाठ मारून दिली होती, त्या गाठीत लवकी म्हणजे तुमचा दुधी, बरबटी म्हणजे चवळी, वांगी अन् सेमी. सेमी म्हणजे तुमचा वाल म्हण, घेवडा म्हण. पण आमच्या या सेमीच्या शेंगेला जांभळी कड असते, जशी लुगड्याला काठ. ती शेंग मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

आता एक गोष्ट नीट ऐक, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरच आहे. आमच्या घराण्यात बायका बी विकत नाहीत. कोणी मागायला आली की तिच्या पदरात घालायचं. ती किती झाले विचारत नाही, तूही सांगत नाहीस. वेल लागला, पहिलं फळ निघालं, की ते बी देणारीच्या घरी पोचवायचं. संपला व्यवहार. मीसुद्धा कुडव्याची पहिली लवकी मावसाजींच्या सायकलला बांधून जाऊबाईंना पाठवली होती.

अन् बी ठेवायची रीत अशी. उन्हाळ्यात शेणात राख कालवायची, त्यात बी दाबायचं, तळहाताएवढी गवरी करायची अन् सावलीतल्या भिंतीला थापायची. कडक वाळली की किडा जवळ येत नाही, उंदीर तोंड लावत नाही. लावायच्या वेळी पाण्यात भिजवायची अन् शेणासकट मातीत. माझ्या मागच्या भिंतीवर अशा गवऱ्या कायम असायच्या. तू लहानपणी विचारलं होतंस, मावशी, ही बिस्किटं कोणी चिकटवली.

अशी कितीतरी वर्षं गेली. पोरगा मोठा झाला, सिमेंट-लोखंडाच्या दुकानात भागीदार झाला, त्याचं लग्न झालं. कुडवाही बदलला. जिथं म्हशी बसायच्या तिथं प्लॉट पडले, दुकानं आली. बिरसीला विमान शिकवायची शाळा झाली. बाडीत निंदण करताना डोक्यावरून बारकी विमानं घिरट्या घालायची, पुढं जाऊन परत यायची. मला त्यांचं बरं वाटायचं, माझ्यासारखीच एका जागी थांबत नाहीत.

पण त्या विमानांनीच घात केला. ती शिकणारी पोरं खोल्या शोधत फिरायला लागली, कॉलेजवाली होतीच. एक दिवस पोरगा जेवताना म्हणाला, "आई, मांगं तीन खोल्या निघतात."

"कुठून निघतात? जमिनीतून?"

"बाडीवर बांधल्या त. सिमेंट आपल्याच दुकानाचं. ऐकून त घे. बाबा रिटायर झाले, घरात भाडं आलं पाहिजे ना? बाडीतून काय येते? भाजीच ना? भाजी बाजारात भेटते."

मी मावसाजींकडे पाहिलं. ते भातात वरण कालवत होते, कालवतच राहिले. सूनबाई पोळी घेऊन दारातच उभी. माझ्या तोंडून निघून गेलं, "एक वर्ष थांब. तुह्या खोल्यांचं भाडं मी बाडीतूनच काढून दाखवतो."

पोरगा हसला. वाईट नाही हसला, पण हसला. "काढ," म्हणाला. "पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्री बोलावतो."

मग माझी झोप गेली असं मी म्हणणार नाही, झोप मला लागतेच, थकलेली असते. पण दिवस गेले माझे. चहा ओतायचा अन् विसरायचा. बाडीत जायचं, वांग्याला हात लावायचा, परत घरात, परत बाडीत. बोलून बसले होते, पण काढायचं कुठून? फाटकाशी टोपली मांडून पाहिली. समोरच्या बिऱ्हाडातली बाई सांभाराची, तुमच्या कोथिंबिरीची, जुडी हातात घेऊन म्हणाली, "चाची, बाजार में तो सब्जी के साथ ये फ्री देते हैं." तिचं बरोबरच होतं. ताजं, बिनखताचं, सगळं सांगितलं मी, तिनं मान हलवली अन् एक जुडी फुकट नेली.

सूनबाई घरात कमी बोलणारी. तिला फोटो काढायचा नाद. ती एक दिवस सेमीच्या वेलाशी वाकून उभी, मोबाईल हंगामाच्या शेवटच्या शेंगेच्या तोंडाशी नेलेला. म्हटलं, काय करून राहिली? म्हणाली, "आई, बागवाल्या लोकांचा एक ग्रुप आहे मोबाईलवर. टाकू का?" म्हटलं टाक, शेंग काय झिजते का.

संध्याकाळी ती मोबाईल घेऊन धावत आली. लोक विचारत होते, ही कोणती जात, आमच्याकडे दिसत नाही, बी मिळेल का. सांगली, ठाणे, नाशिक. मी म्हटलं, "लिही, या अन् घेऊन जा." तिनं तसंच लिहिलं. लोकांनी हसण्याची चित्रं पाठवली अन् खाली परत तेच, ताई, पोस्टानं पाठवा, किंमत सांगा.

किंमत. तो शब्द मला कसा लागला, तुला कसं सांगू. एकीकडे वाटलं, हेच तर पाहिजे होतं, खोल्यांचं उत्तर हेच. दुसरीकडे पदरातली ती गाठ दिसायची. मी ओट्यावरून अंगणात, अंगणातून ओट्यावर. शेवटी सूनबाईला म्हटलं, सांग बाई किंमत, तूच सांग, माझ्या तोंडानं नको. तिनं सांगितली. अन् मी एक अट घातली. ज्यांनी बी घेतलं त्यांनी पहिली शेंग निघाली की तिचा फोटो पाठवायचा. दूर आहेत, शेंग कशी आणून देतील? फोटो तरी द्या.

गावात बातमी माझ्याआधी पोचली. जाऊबाईंचा फोन. त्यांनी कशी आहेस विचारलं नाही. "काऊन वं, बी विकून राहिली म्हनते तू?"

"बाई, पोरगा बाडीवर खोल्या बांधतो म्हनते."

"मंग भाजी वीक. मटार वीक, मिरची वीक. बी कायले?"

 फोन त्यांनीच ठेवला.

श्रावण लागला होता. भिंतीवरच्या कोरड्या गवऱ्या, माझ्यासाठी ठेवलेली एक सोडून, पहिल्या झटक्यातच संपल्या. मागणी येतच होती, डब्यात सुटं बी होतं. आता सुटं बी इतक्या दूर पाठवायचं? वाटेत कीड लागेल, चिरडेल. माझ्या डोक्यात एकच रीत. शेण आणलं, राख कालवली, गवऱ्या थापल्या. पण ऊन कुठं? दोन दिवस चुलीजवळ ठेवल्या, वरून कोरड्या वाटल्या, घेतल्या बांधायला. सूनबाई म्हणाली, "आई, अजून वाळू द्या ना." म्हटलं, लोक वाट पाहून राहिले. खरं म्हणजे वाट मीच पाहत होते.

कुरियरच्या दुकानात मी स्वतः गेले. काउंटरवरच्यानं पुडकं उचललं, नाकाजवळ नेलं. "माताजी, इसमें क्या है? महक रहा है."

"गोबर है बेटा."

"गोबर? गोबर कुरियर से कौन मँगाता है?"

"गोबर में बीज है."

त्यानं शेजारच्याकडे पाहिलं. शेजारचा म्हणाला, "ले ले यार, इसमें फूटने वाला तो कुछ नहीं." घेतलं त्यांनी, पण प्रत्येक पुडक्याला वेगळी प्लास्टिकची पन्नी गुंडाळली. घट्ट, चिकटपट्टी लावून. मला वाटलं, चला, पोरं काळजीनं करतात. त्या पन्नीनंच उरलंसुरलं केलं.

मग फोटो यायला लागले. शेंगेचे नाहीत. उघडलेल्या पुडक्याचे. "हे काय पाठवलं आहे?" "शेण??" एकानं ग्रुपवर लिहिलं की बियांच्या नावाखाली फसवणूक, सावध राहा. ज्यांना भिंतीवरच्या जुन्या गवऱ्या गेल्या त्या ठीक होत्या, पण नव्या गवऱ्यांना पन्नीत घाम सुटून पांढरी बुरशी धरली होती, काहींत बी आतच फुटून पिवळी शेपटी बाहेर आली होती. नाशिकच्या एका शिक्षिकेनं मात्र शांतपणे लिहिलं, "ताई, बी चांगलं आहे, पण ओलं शेण बंद पिशवीत कुजतं. सुटं बी राखेत घोळून कागदाच्या पाकिटात पाठवा, चार दिवसांत पोचतं, काही होत नाही." तिचं बरोबर होतं. मी वर्षभर ठेवायची रीत चार दिवसांच्या प्रवासाला लावली होती.

पोरगा घरी आला तेव्हा त्याला दुकानात कोणीतरी ते सगळं दाखवलेलं होतं. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी. "आई, तू ठाण्याले गवऱ्या पाठवल्या?" मलाही हसू आलं असतं एखाद्या दिवशी. त्या दिवशी नाही आलं. दुसऱ्या दिवशी तो मिस्त्रीला घेऊन आला. अजून वर्ष झालं नव्हतं, म्हणाला, "नुसतं माप घेऊन ठेवतो." मिस्त्री छत्तीसगडकडचा, सभ्य माणूस. टेप घेऊन बाडीत उतरला, वांग्यांना धक्का न लावता पाय टाकत होता. तो सेमीच्या मांडवाखालून वाकून निघाला तशी मी पुढं झाले. मी त्याला पाणी दिलं, चहा दिला, परत पाणी दिलं. शेवटी तो म्हणाला, "बस करो अम्मा, अब नाप लेने दो."

तो गेल्यावर सूनबाईला म्हटलं, मोबाईल धर माझ्यासमोर. ती म्हणाली, "काय बोलणार?" म्हटलं, मला काय माहीत, धर. भिंतीशी गेले, शेवटची वाळलेली गवरी काढली अन् बोलायला लागले. जशी तुझ्याशी बोलते तशीच. हे पाहा, शेणच आहे, घाबरून नका राहू. आमच्याकडे बी असंच झोपवतात. ज्यांची गवरी कोरडी आहे त्यांनी पाण्यात टाका अन् शेणासकट लावा. ज्यांच्या गवरीला बुरशी आली त्यांना मी कागदात दुसरं बी पाठवून राहिली आहे, पैसे नाही लागत. अन् पहिली शेंग निघाली की मला दाखवा. गवरी पाण्यात भिजवून, फोडून, बी काढून दाखवलं. बोलता बोलता हिंडत होते, सूनबाई मोबाईल घेऊन मागे. निम्मा वेळ माझी पाठच दिसते त्यात.

लोकांनी काय काय लिहिलं. आजी, ही कोणती मराठी? आजी, जरा हळू. एकीनं लिहिलं, माझी आई नगरकडे असंच ठेवायची, मी विसरूनच गेले होते. ज्यानं फसवणूक लिहिलं होतं त्यानं ते काढलं, पण माफी वगैरे काही मागितली नाही, त्याची मर्जी. अन् हळूहळू मागण्या परत आल्या. मग कोणी विचारे मांडव कसा घालायचा, कोणी विचारे माझ्या वांग्याचं पान काऊन आखडते. सूनबाई म्हणाली, आपण रविवारी दुपारी मोबाईलवर वर्ग घेऊ, फी लावू. मला खुर्चीवर बसवायची, समोर मोबाईल उभा करायची. मी विळा दाखवायला म्हणून उठायची ती गायब. "आई, तुम्ही दिसून नाही राहिल्या, परत या." तिकडून लोक हसायचे. त्या वर्गात बसणं हेच माझं खरं कष्टाचं काम आहे, हे तुझ्या सासूबाईंना खास सांग.

चाललं होतं म्हणशील. चाललं होतं, पण ऐक. बी कुठून आणायचं? मी गावी गेले जाऊबाईंकडे. त्यांच्या मांडवावर सेमीचा केवढा पसारा. म्हटलं, बाई, थोडं बी द्या.

"लावाले पाहिजे का विकाले?"

खोटं बोलता आलं नाही. "विकाले."

"लावाले माग, आता देतो. विकाले नाही."

त्यांनी जेवू घातलं, हळद-कुंकू लावलं, अन् रिकामा पदर घेऊन पाठवलं. त्या घरातून बी मागायला गेलेली बाई रिकामी परतली असं कधी झालं नव्हतं, ते माझ्यावर आलं. टेम्पोत बसून येताना मी दर थांब्याला उतरायला उठत होते, कंडक्टर म्हणे, "माय, कुडवा दूर आहे अजून."

मग मी माझ्या बाडीलाच पिळलं. बी पाहिजे तर शेंग तोडायची नाही, वेलावर वाळू द्यायची. लवकी तोडायची नाही, टणक होऊ द्यायची. सांभार खुडायचा नाही, फुलू द्यायचा, धने होऊ द्यायचे. जिकडेतिकडे पिवळं, वाळकं, खडखडीत. सूनबाई थैली घेऊन बाजारातून भाजी आणायला लागली. पोरगा ताटाकडे पाहून म्हणाला, "वा. बाडी आपली अन् लवकी बाजाराची." समोरची ती बाई वाटीभर सांभार मागायला आली, तर मी म्हटलं, नाही गं, बीसाठी ठेवला आहे. ती गेली. मी फाटकाशी उभी राहिले. मला कळेना, ही बाडी मी वाचवून राहिले की मारून राहिले. खोल्या बांधल्या असत्या तरी हिरवं गेलंच असतं. दिवसभर पुड्या बांधायच्या, पत्ते लिहायचे, अन् एक भाजी चुलीवर घरची नाही.  मावसाजी एकदा वाळलेल्या मांडवाखाली खाट टाकून पडले होते, ऊन अंगावर आलं तेव्हा उठून घरात गेले. तेवढ्यानंच मला दिवसभर चैन पडेना.

थंडीत जाऊबाई लग्नाच्या खरेदीला गोंदियाला आल्या अन् रीतीप्रमाणे माझ्याकडे उतरल्या. बोलणं तुटक. बाडीकडे पाहून म्हणाल्या, "हे काय करून ठेवलं वं?"  तेवढ्यात सूनबाईच्या मोबाईलवर एक फोटो आला अन् ती, तिच्या लक्षातच नाही कोण बसलं आहे, मोबाईल घेऊन त्यांच्या बाजूला टेकली. "पाहा ना मोठ्या आई, पहिली शेंग आली."

फोटोत एक बाई. तिसऱ्या माळ्यावरची गॅलरी. रंगाच्या डब्यात लावलेला वेल खिडकीच्या जाळीवर चढलेला, अन् जांभळ्या काठाची एकच शेंग तिनं दोन बोटांत धरलेली.

जाऊबाईंनी मोबाईल हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला. "हे आपली सेमी होय?"

"होय ना."

"डब्यात लावली वं?"

"बाडी नाही त्यांच्याजवळ. मांडव पन नाही."

"अन् हे कोनाची बाई?"

"कोनाची नाही. ठान्याची आहे."

"कशी हसून राहिली. एका शेंगेले." मग सूनबाई एकेक सरकवत गेली. बादलीतला वेल, पाण्याच्या टाकीवरचा, शाळेच्या कुंपणावरचा, ती नाशिकची शिक्षिका. जाऊबाई प्रत्येकीला थांबवून विचारायच्या, ही कोणत्या गावची, हिनं आधी पाणी जास्त घातलं असेल, पाहा पान कसं पिवळं आहे. चहा निवून गेला. जाताना चप्पल घालता घालता म्हणाल्या, "तुह्या पोराले गाडी घेऊन पाठव. मांडवावरच्या शेंगा वाळू घालतो. मले पैसे नोको. पन फोटो आले की हे पोरगी घेऊन ये, मले दाखवाले पाहिजे. सगळ्या बाया."

तेव्हापासून निम्मं बी गावाहून येतं. माझी निम्मी बाडी परत हिरवी झाली, सांभार खुडायला लागले.

अन् मग तो उन्हाळा आला. मिस्त्री सकाळीच हजर, दोरी अन् चुन्याची थैली घेऊन. पोरगा म्हणाला, "आई, वर्ष झालं."  खरं सांगते, मी म्हटलं होतं तेवढं निघालं नव्हतं. पावसाच्या तोंडाशी भरपूर यायचं, थंडीत मोजकं. भाडं कसं दर महिन्याला सारखं येतं. पोरगा खोटं बोलत नव्हता, त्याच्या डोक्यावर घर होतं. मी पायातली चप्पल काढत होते, घालत होते.

सूनबाई दारात उभी होती, डोक्यावर पदर. सासऱ्यासमोर ती कधी बोलत नाही. म्हणाली, "मले कोनी विचारलं का?"

पोरगा वळला. "तुले काय विचारायचं?"

"मोबाईलवर पान आईंच्या नावाचं आहे, पन फोटो माझे. उत्तरं मी देतो, पाकिटं मी करतो, रविवारचा वर्ग मी लावतो. बाडी गेली त त्यांची भाजी जाईल. माझं काम जाईल. लग्न झाल्यापासून माझं म्हनाव असं एवढंच आहे." बोलली अन् तिथंच उभी राहिली, आत गेली नाही.

 पोरगा तिच्याकडे असा पाहत होता, जसं घरात नवीन माणूस आलं आहे. मिस्त्रीनं चुन्याची थैली या हातातून त्या हातात घेतली. "साहब, चूना डालूँ कि चाय पीऊँ?"

तुझे मावसाजी खाटेवरून म्हणाले, "चाय पी."

एवढंच झालं बघ. मिस्त्री चहा प्यायला. पुढं पोरानं स्लॅबवर एक खोली चढवली, विमानवाली दोन पोरं राहतात तिथं, धाडधाड जिने उतरतात. बाडी अजून बाडीच आहे. पण तुला वाटेल मावशी निवांत झाली, तर तसं नाही. दर उन्हाळ्यात पोरगा मागच्या दारात उभा राहून बाडीकडे पाहतो, अन् मी त्याच्याकडे पाहते.  मला लगेच कुदळ घ्यावीशी वाटते. कधी चार दिवस मागणी आली नाही की सूनबाई दर घटकेला मोबाईल उघडून पाहते अन् मी तिला पाहायला लावते. एखाद्या वर्षी पाऊस लांबला तर काय, लोकांना दुसरीच शेंग आवडली तर काय, जाऊबाई थकल्या तर काय. असे विचार येतात अन् हात चालू होतात. आताही हे लिहिता लिहिता तिकडे कोणाची तरी शेळी मिरच्यांत शिरल्यासारखी वाटली, पाहून आले, नव्हती.

तर बाई, फोनवर पुरे झालं. संक्रांतीच्या सुमारास सेमी भरलेली असते, सूनबाईला तुझा हात पाहिजे पाकिटांना, अन् जाऊबाईंकडे जायचं आहे फोटो घेऊन, तू सोबत असलीस तर त्या खूश होतील. सासूबाईंनाही आण, खाट घालते मांडवाखाली, त्या बसतील. ये लवकर, आजउद्या करू नको.